मधले वीस सेकंद

मायाक्कानं अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, काळा करून घेतला, आणि मी नुकत्याच कानडीत वाचून दाखवलेल्या साक्षीच्या कागदावर टेकवायच्या ऐवजी तसाच हवेत धरून ती हळूच मला म्हणाली, "ना हंग अंदिल्ल, यव्वा." मी तसं म्हटलं नाही, बाई. कोर्टात त्या वेळी आठ-दहा माणसं होती आणि त्यांतल्या एकालाही हे वाक्य कळलं नाही. साहेब खानदेशातले, सरकारी वकील लातूरकडचे, आरोपीतर्फे उभा असलेला ज्युनिअर वकील बार्शीचा. मागच्या बाकावरचे दोघे पुढच्या केसचे, ते मोबाइलमध्ये मान घालून बसलेले. आरोपी सोमलिंग तुरुंगातून पडद्यावर दिसत होता, पण त्याच्याकडचा आवाज सकाळपासून तुटत होता. म्हणजे कानडी कळणारी मी एकटी, आणि मी दुभाषी म्हणून शपथ घेऊन तिथं उभी होते ती त्याचसाठी. साहेबांनी घड्याळाकडे बघत विचारलं, काय म्हणतात त्या. मी म्हटलं, "काही नाही साहेब, शाई फार लागली म्हणतात." मग मी मायाक्काचं मनगट धरलं आणि तिचा अंगठा कागदावर टेकवला. टेकवला कसला, दाबला. सत्तरीतल्या बाईचं मनगट ते, त्यात जोर काय असणार. तिनं माझ्याकडे पाहिलं, हात सोडवून घेतला आणि शाई लुगड्याला पुसली. जेवणाची सुटी झाली.

मला धक्का बसला होता हे मला जरा उशिरानं कळलं.  मी फाइल छातीशी धरून मागच्या खोलीत गेले, जिथं आम्ही निकाली कागद ठेवतो, आणि तिथल्या लोखंडी स्टुलावर बसले. डबा टेबलावर ठेवला आणि उघडला नाही. फाइलमधला मगाचाच कागद काढून पुन्हा वाचला. 'मी बॅटरीच्या उजेडात माझा पुतण्या सोमलिंग यास ओळखले. त्याच्या हातात कुऱ्हाड होती.' हे वाक्य मायाक्काच्या तोंडी मी घातलं होतं. सकाळी साडेअकराला, सरकारी वकिलांनी तिला विचारलं की बांधावर तुम्ही काय पाहिलंत, तेव्हा ती बोलायला लागली, लांबलचक, म्हाताऱ्या बायका बोलतात तशी, वैरण कापण्यापासून सुरुवात करून. कडब्यापर्यंतचं मला स्वच्छ आठवतं. पुढं पोटातून ते ओळखीचं काहीतरी वर चढलं, तोंडात तांब्याची चव आली, आणि त्यानंतरचं काही नाही. मी परत आले तेव्हा पदराचं टोक माझ्या बोटांत पिळलेलं होतं, मायाक्का गप्प होती आणि साहेब माझ्याकडे बघत होते. मी विचारायला हवं होतं की अक्का, पुन्हा सांगा. मी विचारलं नाही. पोलिसांनी तिचा घेतलेला जबाब मी सकाळीच वाचला होता, त्यातलं वाक्य मी उचललं आणि मराठीत खणखणीत आवाजात सांगितलं. स्टेनो युवराजनं ते टाइप केलं. ज्याच्या खुनाचा हा खटला, तो सिद्धाराम त्या बांधावर मेला होता आणि मायाक्काखेरीज तिथं पाहणारं कुणी नव्हतं. या एका वाक्यावर सोमलिंग जन्मभर आत जाऊ शकतो हे मला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मला फिट्स येतात. हे वाक्य मी त्या दिवसापर्यंत आयुष्यात तोंडानं तीनदा उच्चारलं असेल, तिन्ही वेळा डॉक्टरसमोर. जमिनीवर पडून हातपाय झाडण्याच्या फिट्स नव्हेत. तशी एकदाच आली, चौदाव्या वर्षी, मैंदर्गीच्या शाळेत प्रार्थनेच्या रांगेत, आणि बाईंनी कुणाची तरी चप्पल माझ्या नाकाला लावली. शाळेतली पुढची सगळी वर्षं मला ती चप्पल पुरली. त्यानंतरच्या सगळ्या मुक्या. डोळे उघडे, पाठ ताठ, आणि मी तिथं नसते. वीस सेकंद, कधी पंचवीस. परत येते तेव्हा जग थोडं पुढं सरकलेलं असतं आणि मला पळत जाऊन ते गाठायचं असतं. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, गावभर सांगितलं की पोरीला पित्त आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. काशम्माची मुलगी पित्ताची, एवढंच सासरी कळलं. लग्नानंतर विसाव्या दिवशी चुलीवर दूध उतू गेलं, विस्तव विझला, आणि मी समोर उभी राहून ते बघत होते. शरणबसव, माझे यजमान, दारात होते.  दुसऱ्या दिवशी मला सोलापुरात डॉक्टरकडे घेऊन आले, बाहेर बाकावर चार तास बसले, आणि घरी जाऊन स्वतःच्या आईला सांगितलं की पित्तच आहे. या माणसाला मी आजतागायत काही लपवलेलं नाही असं मला परवापर्यंत वाटत होतं. तेही खरं नव्हतं, ते पुढं येईलच.

पित्त घेऊनच मी कोर्टात नोकरीला लागले. माझ्या पर्समधल्या गोळ्या पित्ताच्या, मी उपास करत नाही तो पित्तामुळं, जागरणाच्या कार्यक्रमाला येत नाही ते पित्तामुळं. ऑफिसातल्या बायकांनी मला आतापर्यंत कोकम, सब्जा, मोरावळा आणि एक तांब्याचं कडं आणून दिलंय. जुळे सोलापूरहून मी रोज ठरलेल्या रिक्षानं येते. स्कूटी का घेत नाही विचारलं की मला ट्रॅफिकची भीती वाटते असं सांगते, आणि सगळे हसतात, कारण मी एरवी कुणाला भीत नाही. खरं तर लग्नाआधी मी मैंदर्गीहून अक्कलकोटला एम-एटी चालवत जायची. पण खोटं एकदा नीट बसलं की ते आपल्या अंगाला येतं, मापाचं शिवल्यासारखं.

आणि दुभाषीचं काम मला आपोआप मिळालं. सरहद्दीकडच्या गावांतून साक्षीदार यायचे, कानडीच बोलायचे, आणि एका दिवशी नेहमीचा माणूस रजेवर होता म्हणून मला उभं केलं. त्याला अकरा वर्षं झाली. मी उत्तम करते हे मी स्वतःच सांगते, नम्रपणा मला जमत नाही. साक्षीदाराला मी तोडत नाही. तो बोलतो, मी ताठ उभी राहून ऐकते, डोळे त्याच्यावर, आणि तो थांबला की सगळं एका दमात मराठीत सांगते. मॅडमना दोनदा सांगावं लागत नाही, असं एका साहेबांनी बदली होऊन जाताना भाषणात म्हटलं होतं. माझा आजार आणि माझं काम दिसायला अगदी एकसारखं आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं का? आलं असणार. एखादी बाई गप्प उभी राहून एकटक बघतेय, तर ती मन लावून ऐकतेय असंच कुणीही म्हणेल. मी लपायला जागा शोधली नव्हती, पण मिळाल्यावर सोडलीही नाही. सहायक अधीक्षकाच्या बढतीच्या यादीत यंदा माझं नाव होतं, आणि शिफारशीत पहिलं वाक्य माझ्या कानडीबद्दलचं होतं.

दिवाळीत डॉक्टरांनी गोळी बदलली. नवी गोळी चांगली होती, दीड महिना एकही वीस सेकंद हरवले नाहीत. पण शब्द हरवायला लागले. साक्षीदार 'बेली' म्हणाला, मला कळलं, समोर दिसलंही, काटेरी, बाभळीच्या फांद्यांचं, आणि मराठी शब्द येईना. भर कोर्टात मी म्हटलं, ते शेताभोवतीचं असतं ते. सरकारी वकील हसले आणि म्हणाले, मॅडम, कुंपण. कुंपण! हा शब्द मला पाचव्या वर्षापासून येतो. त्या संध्याकाळी रिक्षात बसून मी कुंपण कुंपण म्हणत रडले. गोळी घेतली तर शब्द जातात, नाही घेतली तर वेळ जातो. इकडे आड तिकडे विहीर. डॉक्टरांनी बजावलं होतं की मनानं कमीजास्त करू नका. मी रात्रीची गोळी अर्धी केली, मनानं, कुणाला न सांगता, आणि उरलेले अर्धे तुकडे कडीपत्त्याच्या कुंडीत पुरत आले. शब्द परत आले. मला इतका आनंद झाला होता की मी दुसरी बाजू बघितलीच नाही.

स्टुलावर बसून मी शरणबसवना फोन केला. ते शाळेत होते, मधली सुटी असावी, पोरांचा गलका ऐकू येत होता. मी सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गोळीचा. मी खरं सांगितलं.  रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले की हे आधी घरी येऊन बोलू, आज काही करू नकोस, उलटतपास अजून व्हायचाय ना, त्यात म्हातारी सांगेलच काय ते. हे माझ्याही मनात येऊन गेलं होतं. बार्शीच्या ज्युनिअरनं उलटतपासाला पुढची तारीख मागून घेतली होती. त्या तारखेला मायाक्का म्हणेल, मी चेहरा पाहिला नाही. मग सरकारी वकील हा कागद पुढं करतील, अंगठा दाखवतील आणि विचारतील की खोटं तेव्हा बोललात की आता, पुतण्याकडून किती घेतले. आणि ते सगळं तिला कानडीत मीच विचारणार. मी हे म्हटलं तेव्हा शरणबसव म्हणाले, "महेश्वरी, तू सांगितलंस तर उद्यापासून तुला पाणी द्यायला तरी उभं करतील का कुणी? विचार कर."  माझ्यासाठी खोटं बोलून बोलून या माणसाची उमर गेली, त्यांना मी काय म्हणणार.

बाहेर व्हरांड्याच्या पायरीवर मायाक्का बसली होती. तिला घेऊन आलेला पोलीस चहाला गेला होता. फडक्यात बांधून आणलेली कडक भाकरी ती शेंगाचटणीशी खात होती आणि काळा अंगठा तेवढा बाजूला धरत होती. मी तिच्याजवळ पायरीवर बसले. वकील, पक्षकार येत-जात होते. कोर्टाच्या बाईनं साक्षीदाराजवळ असं बसायचं नसतं हे मला माहीत आहे, मीच नवीन पोरींना ते शिकवते. मी विचारलं, अक्का, सकाळी काय सांगितलंत? तिनं पुन्हा सांगितलं. तिची कानडी मी इथं मराठीत मांडतेय. आता माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्यानं बघावं.

"अंधार पडला व्हता. मानूस धिप्पाड व्हतं, डोक्याला टावेल गुंडाळल्यालं. मारी कंडिल्ल, त्वांड दिसलं न्हाय. पोलिसानं इचारलं सोमलिंग व्हता का, म्या म्हनलं असंल. त्यानं ल्हिवलं व्हता."

असेल आणि होता. मी विचारलं की मघाशी हे सगळं सांगितलं होतंत? तिनं घास गिळला, पाणी प्यायली आणि माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, ते मला जास्त लागलं.

"सांगितलं की. पर तू हितं नव्हतीसच. डोळं उगडं, आन मानूस न्हाय. म्या बोलायची थांबले. म्हनलं येऊ दे माघारी. आलीस. मला वाटलं आता इचारशील, फिरून सांग म्हनशील. तू इचारलंच न्हाईस."

सत्तावीस वर्षं. अव्वा, शरणबसव आणि तीन डॉक्टर सोडून कुणाला दिसलं नव्हतं. साहेबांना नाही, युवराजला नाही, जो माझ्यापासून चार हातांवर बसतो. मी किती सफाईनं लपवते याचा मला आतल्या आत अभिमान होता, तो कसला अभिमान म्हणायचा देव जाणे, पण होता. आणि या बाईनं, जिला सही येत नाही, जिनं मला आज सकाळी पहिल्यांदा पाहिलं, ते बघितलं, आणि ती माझ्यासाठी थांबली. इतकं साधं होतं ते. थांबायचं आणि पुन्हा विचारायचं. तेवढं एक वाक्य मी अकरा वर्षांत कधी उच्चारलं नव्हतं, कारण त्यानं कुणाला तरी संशय आला असता. माझ्या अंगाला घाम सुटला. मला वाटलं परत येतंय, मी भिंतीला हात लावून वाट बघितली, पण आलं नाही. ही नुसती भीती होती, सगळ्यांना वाटते तशी. मी तिला म्हटलं, अक्का, मला फिट्स येतात. तिनं मान हलवली, जणू मी तिला एसटीची वेळ सांगितली, आणि भाकरीचा तुकडा माझ्यापुढं केला. मी तो खाल्ला.

पावणेतीनला साहेब येऊन बसले. पुढच्या केसचा पुकारा व्हायच्या आत मी पुढं गेले आणि म्हटलं, साहेब, सकाळच्या साक्षीबद्दल मला काही सांगायचंय. साहेबांना वाटलं टायपिंगची चूक. ते म्हणाले, युवराजला सांगा, दुरुस्त करेल. मी म्हटलं की चूक टायपिंगची नाही, माझी आहे. आणि मग सांगितलं. काय काय सांगितलं ते मला शब्दाशब्दानं आठवतं, त्यातला एकही सेकंद हरवला नाही. आजाराचं नाव घेताना आवाज बारीक होईल असं वाटलं होतं, तो झाला नाही. मी साक्षी सांगते त्याच खणखणीत आवाजात ते सांगितलं गेलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं आणि मी फक्त भाषांतर करत होते. शाईचंही सांगितलं. अंगठा मी धरून दाबला हे सांगितलं तेव्हा सरकारी वकिलांनी चष्मा काढला. मागच्या बाकावरच्या दोघांनी मोबाइल खाली घेतले. ऑफिसातली एक बाई फाइल घेऊन दारात आली होती, तिनं तोंडावर हात ठेवला. मोरावळा तिनंच दिला होता. पडद्यावर सोमलिंग कान पुढं करून बसला होता, त्याला काही कळत नव्हतं.

साहेब चांगले आहेत. ते ओरडले नाहीत. युवराजला थांबायला सांगून त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, आणि खुर्ची दिल्याबरोबर मला कळलं की आता मी त्या पिंजऱ्याशेजारी पुन्हा उभी राहणार नाही. यादीतलं नाव गेलं, हेही कळलं, आणि त्या क्षणी त्याचं इतकं काही वाटलं नाही, जितकं मी आयुष्यभर भीत आले होते. साहेबांनी सांगितलं की सकाळची साक्ष बाजूला ठेवू, मायाक्काची साक्ष दुसरा दुभाषी आणून नव्यानं घेऊ. मला वाटलं, संपलं. सुटले. मायाक्का सुटली, सोमलिंगचं जे काय व्हायचं ते खऱ्यावर होईल. मी उठायला लागले तर साहेबांनी हात वर केला. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं आणि ते टेबलाकडे बघत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "याआधी असं किती वेळा झालं?"

आणि तिथं मी पहिल्यांदा खरी हादरले. सकाळपासून जे वाटत होतं तो धक्का नव्हताच, तो नुसता पाय घसरला होता. मी मायाक्काचा विचार केला होता, सोमलिंगचा, माझा, नवऱ्याचा. या प्रश्नाचा नाही. अकरा वर्षं, आठवड्याला दोन, कधी तीन साक्षी. मी म्हटलं, माहीत नाही साहेब. ते म्हणाले, अंदाजे. मी म्हटलं, जे हरवतं ते मला आठवत नसतं. मधे गेल्याचं कधी कळतं, कधी तेही कळत नाही. कळलं तर मी जबाबावरून भरून काढते. ही माझी कामाची पद्धत आहे असं मी म्हटलं, आणि म्हटल्यावर ते मलाच ऐकू आलं. सरकारी वकील उभे होते ते हळूच खाली बसले. त्यांच्या निम्म्या केसेसमध्ये मी होते.

साहेबांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले की तुम्ही ज्यात ज्यात दुभाषी होतात त्या सगळ्या केसेसची यादी लागेल, निकाल लागलेल्यांचीसुद्धा, वर पाठवावी लागेल. कोण करणार यादी, असं त्यांनी विचारलं, आणि युवराजनं माझ्याकडे पाहिलं, कारण जुन्या फाइली कुठं आहेत ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मी म्हटलं, मी करते. साहेबांनी मान हलवली. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, घरी कळवा, उशीर होईल.

मागच्या खोलीत मी कोरा कागद घेतला. डबा तसाच होता. पहिल्या साक्षीपासून सुरुवात करायची ठरवली. मला वाटलं होतं की आठवायला वेळ लागेल, पण नाव लगेच आलं, आणि ते पहिल्या साक्षीचं नव्हतं, सात वर्षांपूर्वीचं होतं. मडिवाळप्पा. परटाचा मुलगा, वागदरीकडचा, दहा वर्षांची शिक्षा झालेला, त्यातली सात भोगून अजून आत असलेला. त्याच्या बायकोनं त्याच्या बाजूनं साक्ष दिली होती, तो त्या रात्री घरी होता म्हणून, खूप वेळ बोलली होती, रडत रडत, आणि मी ताठ उभी राहून ऐकलं होतं. खाली उतरल्यावर व्हरांड्यात तिनं माझा हात धरून विचारलं होतं, मी सांगितलं ते सगळं सांगितलंत ना, अक्का? मी हो म्हटलं होतं.